सार्वजनिक आरोग्यात परदेशी शिक्षण आणि संशोधन: उपकेंद्रातलं काम ‘अनुभव’ म्हणून धरतात का?

सातपुड्यातली

नमस्कार. मी बीएएमएस. धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तीन वर्षं काम करतेय, कंत्राटी. परदेशात एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स, करायचं खूप दिवसांपासून मनात आहे. रात्री टेकडीवर जाऊन नेटवर्क पकडते आणि एकेका विद्यापीठाचा अर्ज उघडून बघते. ‘संशोधनाचा अनुभव’ हा रकाना आला की हात थांबतो. माझा एकही पेपर नाही, कुठल्या परिषदेत पोस्टरसुद्धा नाही. रोजचं काम म्हणजे ओपीडी, लसीकरणाचा दिवस, आशाताईंच्या एचबीएनसीच्या (घरी जाऊन नवजात बाळाची काळजी) फेऱ्या तपासणं, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आणि अहवाल.

नाशिकच्या एका कन्सल्टन्सीत चौकशी केली. ‘फाइल’चे ऐंशी हजार सांगितले, एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं उद्देशपत्र, तेच लिहून देणार म्हणाले. घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. तीस-चाळीस लाखांचं कर्ज काढणं मला शक्य नाही, म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती असेल तरच जमेल.

आमच्या कॉलेजातल्या स्वस्थवृत्त (आयुर्वेदातलं प्रतिबंधक आरोग्य) विभागाच्या मॅडमनीही विचारायला सांगितलंय: प्राध्यापकांसाठी काही असतं का, की हे सगळं विद्यार्थ्यांसाठीच? त्यांना विभागात एखादा संयुक्त संशोधन प्रकल्प सुरू करायचाय.

कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर सांगा.

मंगळवेढ्याची

ताई, तो रकाना मीही एकदा कोरा ठेवला होता, म्हणून सविस्तरच लिहिते.

मी बीडीएस. दातांच्या दवाखान्यात मन रमेना, म्हणून सोलापूर जिल्ह्यात एका आरोग्य सर्वेक्षणात फील्ड सुपरवायझर झाले. पहिल्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले, तिन्हीकडून नकार आला. माझ्या एसओपीची पहिली ओळ होती, ‘लहानपणापासून मला समाजाची सेवा करण्याची इच्छा आहे.’ आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टरबाईंना ते वाचायला दिलं. त्यांनी त्या ओळीवर काट मारली आणि समासात लिहिलं, ‘हे सगळेच लिहितात. तू काय पाहिलंस?’

त्या आठवड्यात मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रसूतीच्या नोंदवहीतून माहिती उतरवून घेत होते. लांबट वही, कोपरे दुमडलेले, आयोडीनचे डाग. वजनाच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेले: २.५, २.५, २.८, २.५, ३, २.५, २.५. एका पानावर वीस बाळं, त्यातली अकरा बरोबर अडीच किलोची. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, बाळ हलतंय, काटा हलतोय, रात्रीची मी एकटी. दोन पॉइंट चार लिहिलं की वर कळवायचं, पाठवायची गाडी बघायची, आणि आई म्हणते मला घरी जायचंय.’ त्यांना खोटं लिहायचं नव्हतं. पण त्या पानावर जी बाळं खरं तर २.३ किंवा २.४ची असतील, ती कुठल्याच यादीत येणार नव्हती.

दुसऱ्या वर्षीचा एसओपी मी त्या पानापासून सुरू केला. रकाना कसा दिसत होता ते लिहिलं, सिस्टरचं म्हणणं लिहिलं आणि पुढे विचारलं: नोंदी अशा एकाच आकड्यावर साचतात तेव्हा खरी किती बाळं निसटतात, हे मोजायचं कसं? मला हे मोजायला शिकायचं आहे. पेपर तेव्हाही माझ्या नावावर नव्हता. मला युरोपबहेल्थ या सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला युरोपीय संघाची एरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली, २०२२ ते २०२४. पहिलं वर्ष शेफील्ड, दुसरं पोलंडमध्ये क्राकोव.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, धरतात. तुम्ही ज्याला ‘रोजचं काम’ म्हणून एका ओळीत उरकलंत, त्यातच सिकलसेल आहे. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन २०२३ साली सुरू झालं, २०४७चं उद्दिष्ट ठरलं. पण तपासणीनंतर कार्ड हातात आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे उपकेंद्रात बसणाऱ्या माणसाइतकं जवळून कुणाला दिसतं? अर्ज वाचणाऱ्या समितीला ते दिसत नाही. तुम्ही दाखवलंत तर ती थांबून वाचेल.

आणि ज्या एचबीएनसीच्या फेऱ्या तुम्ही तपासता, त्यांचा उगम आठवा. अभय आणि राणी बंग १९८४ साली जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच करून आले आणि गडचिरोलीत कामाला लागले. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात दिसलं. २०११ पासून आशाताई देशभर त्याच फेऱ्या मारताहेत. जामखेडचे रजनीकांत आणि मेबल आरोळे हॉपकिन्सचेच, सेवाग्रामच्या सुशीला नायरही तिथे शिकलेल्या. प्रश्न इथला होता, तो सोडवायची हत्यारं तिथून आणली. मला ही परंपरा फार मोलाची वाटते, आणि तुम्ही त्याच रांगेत उभ्या आहात असं मी मनापासून म्हणते.

आता पैशांचं. एरास्मस मुंडसमध्ये शिक्षणशुल्क माफ आणि महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. विमानभाडं, व्हिसा, राहणं, खाणं सगळं त्या १,४००मध्येच बसवायचं. पण पहिला हप्ता तिकडे बँकखातं उघडल्यावर हातात येतो. व्हिसाची फी, इंग्लंडचा आरोग्य अधिभार, तिकीट, खोलीची अनामत हे त्याआधी भरावं लागतं. मी आईची पाटली गहाण ठेवली आणि तिसऱ्या महिन्यात सोडवली. तुम्ही आतापासून दोन-अडीच लाख बाजूला टाकायला लागा. इंग्लंडच्या व्हिसाला क्षयरोगाची तपासणीही लागते, मान्यताप्राप्त केंद्रात छातीचा एक्स-रे काढून. तीन वर्षं टीबीच्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या मला त्या दिवशी रांगेत उभं राहून रुग्णांची धाकधूक कळली.

ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. तो तुमच्याकडे आहे. एक वर्षाचं मास्टर्स, आणि नंतर दोन वर्षं भारतात परतण्याची अट. अमेरिकेतल्या शिक्षणासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सच्या विषयांत सार्वजनिक आरोग्य आहे, तिथे तीन वर्षांचा अनुभव मागतात. तोही तुमचा भरतोय. जर्मनीच्या डीएएडीची विकासविषयक अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिथे किमान दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी नको, म्हणून तुमचं पदवीचं वर्ष आधी मोजा. अभ्यासक्रमांची यादी दरवर्षी बदलते, नवीन पुस्तिका बघूनच ठरवा.

आणि ढाका! परदेश म्हटलं की आपली नजर थेट लंडनला जाते. ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठातलं जेम्स पी. ग्रँट स्कूल एक वर्षाचं एमपीएच देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधन कार्यक्रमाच्या शिष्यवृत्तीवर तिथे विद्यार्थी येतात, खास करून अंमलबजावणीवरच्या संशोधनासाठी. १९६८ साली ओआरएसची पहिली यशस्वी चाचणी झाली ती ढाक्यातच. गाव, पूर, अतिसार, कुपोषण हेच तिथले वर्ग.

कन्सल्टन्सीला पैसे देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. तुमचा एसओपी दुसऱ्याने लिहिला तर त्यात ‘लहानपणापासून’च येणार, कारण सिकलसेलची वही त्याने पाहिलेली नाही. शिफारसपत्रं मात्र नीट मागा. माझ्या पहिल्या पत्रात ‘ती प्रामाणिक आणि कष्टाळू आहे’ एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी मी शिफारस देणाऱ्यांना एक पानभर मुद्दे लिहून दिले: कुठलं काम, कधी, काय बदललं. ट्रान्सक्रिप्टला, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाला, माझे सात आठवडे गेले, तेव्हा तो अर्ज सगळ्यात आधी टाका. पासपोर्टही आत्ताच काढून ठेवा.

प्राध्यापकांचं मला फार कळत नाही. इथे जाणते आहेत, ते लिहितील.

जुना पीएसएमवाला

वरचं उत्तर उत्तम आहे. प्राध्यापक मॅडमसाठी मी लिहितो. पंचवीस वर्षं कम्युनिटी मेडिसिनमध्ये शिकवतोय.

संधी भरपूर आहेत. फुलब्राइट-नेहरूची प्राध्यापक आणि संशोधकांसाठी वेगळी फेलोशिप आहे. डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सकडे क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्य संशोधनासाठी स्वतंत्र फेलोशिप असते. काम भारतातच करायचं आणि मधला काही काळ बाहेरच्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठात घालवायचा. एरास्मस प्लसमध्ये कर्मचाऱ्यांची छोटी देवाणघेवाणही होते, पाच दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत, पण त्याला दोन संस्थांमध्ये आधी करार लागतो. बाहेर जाणं जमत नसेल तर माणूस इकडे बोलवा: ‘ज्ञान’ योजनेत परदेशी प्राध्यापक येऊन एक-दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतो, आणि फुलब्राइट स्पेशालिस्ट दोन ते सहा आठवडे येऊन राहतो.

पण मॅडमना संयुक्त प्रकल्प करायचाय, तर माझी चूक ऐकून ठेवा. परदेशातल्या एका सहकाऱ्याला अनुदान मिळालं, मला कळवलं, मी आनंदाने होकार दिला. आमच्या नीतिसमितीची मंजुरी घेतली आणि समजलो की झालं. आंतरराष्ट्रीय सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. एचएमएससी म्हणतात तिला, कारभार आयसीएमआरकडून चालतो. मी तो अर्ज उशिरा टाकला. तिकडे अनुदानाचं वर्ष चालू झालं होतं, इकडे नेमलेल्या दोन मुली पगार घेऊन बसून होत्या, पावसाळ्यातले नमुने घ्यायचे होते तो पावसाळा निघून गेला. त्या मुलींपैकी एकीने शेवटी दुसरी नोकरी धरली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हा प्रस्ताव लिहितानाच मंजुरीचे महिने वेळापत्रकात घाला.

पैशाचा मार्गही आधी बघा. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परकीय देणग्यांचा कायदा) निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी एखादी स्वयंसेवी संस्था निधी घ्यायची आणि कॉलेजला वाटा द्यायची, ती वाट बंद झाली. मॅडमच्या कॉलेजच्या ट्रस्टची नोंदणी आहे का, हे हिशेबनीसाला पहिल्याच दिवशी विचारा.

आणि लेखकांची नावं. कोण पहिलं, कोण शेवटचं, माहिती कुठल्या संगणकावर राहणार, पुढच्या विश्लेषणाला कुणाची परवानगी लागणार, हे करारात लिहून घ्या. लाजू नका. पुण्यात केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी १९९३ साली गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास गावांमध्ये सुरू केला, साउदम्पटनच्या संशोधकांबरोबर. बाळ दिसायला किडकिडीत पण अंगात चरबी जास्त, हे जगाला त्या कामातून कळलं, आणि त्या कामाची ओळख आजही पुण्याचीच आहे. सहकार्य असं असावं. उलट बाजूही मी पाहिली आहे: घरोघर फिरून माहिती आपल्या मुलींनी गोळा केली आणि पेपरात त्यांचं नाव आभारातसुद्धा नाही.

स्वस्थवृत्त विभाग आहे म्हणून मॅडमनी मागे राहू नये. गावाशी नातं असलेला विभाग हीच सहकाऱ्याला हवी असलेली गोष्ट आहे. नातं तुमचं आहे, तर अटीही तुम्हीच घाला.

शाहूनगरी

थोडं शिष्यवृत्तीबद्दल. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे, शिवाय केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, तिच्यात वर्षाला २० जागा. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची. उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत असते. मागच्या वर्षीचा कागद बघून तयारी करू नका, माझ्या भावाचं तसं एक वर्ष गेलं.

यात बसत नसाल तर मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट. ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, १८९२ पासून चालू. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत आमच्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापुरातून एक बाई डॉक्टरकी शिकायला समुद्रापार गेली, तुम्ही धडगावातून जालच.

सातपुड्यातली

सगळ्यांचे मनापासून आभार. सरांचं उत्तर मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच ट्रस्टच्या कार्यालयात फोन लावला. कन्सल्टन्सीला नाही म्हणून कळवलं.

ताई, तुमचं वाचून आज दुपारी सिकलसेलची वही घेऊन बसले. आमच्या उपकेंद्रात एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार, असलेले १४ जण. त्यातल्या ९ जणांची घरं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, थेट उन्हाळ्यात परततात. वहीत त्या महिन्यांत नुसत्या रेघा आहेत. मीच ओढलेल्या. मागच्या वर्षी त्यातला एक मुलगा, अकरा वर्षांचा, परत आला तेव्हा त्याला उभं राहवत नव्हतं. गोळ्या डिसेंबरातच संपल्या होत्या. कार्ड गावातच पत्र्याच्या पेटीत राहिलं होतं.

हे मी अर्जात लिहू शकते का? वहीतली माहिती वापरायची परवानगी असते का मला?

मंगळवेढ्याची

ताई, त्या रेघा म्हणजेच तुमचा एसओपी आहे.

परवानगीचं सांगते. तुम्ही स्वतः काय पाहिलंत ते लिहायला हरकत नाही, पण मुलाचं नाव, पाडा, त्याला ओळखता येईल असं काहीही नको. तालुकाही गाळा, गाव लहान असतं. वहीचा फोटो तर मुळीच जोडू नका. मात्र १४ जणांची माहिती मांडून निष्कर्ष काढायचा असेल, पोस्टर किंवा पेपर करायचा असेल, तर ते संशोधन झालं. त्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणि नीतिसमितीची मंजुरी लागेल. मॅडमच्या कॉलेजात नीतिसमिती असेल. त्यांना मुख्य संशोधक करा आणि तुम्ही सहसंशोधक व्हा. मॅडमना विभागात प्रकल्प हवाच होता.

हे जमलं तर टीडीआरचं सॉर्ट इट बघा. तुमच्यासारख्या कार्यक्रमात काम करणाऱ्या लोकांसाठीच ते आहे: आपल्याच नोंदींमधून एक प्रश्न घ्यायचा, सोबत मार्गदर्शक असतात, प्रस्तावापासून पेपर पाठवण्यापर्यंत टप्पे ठरलेले असतात आणि प्रत्येक टप्पा वेळेत पुरा केला तरच पुढे जाता येतं. तिथून बाहेर पडाल तेव्हा तो रकाना कोरा राहणार नाही. द ग्लोबल हेल्थ नेटवर्क या संकेतस्थळावर क्लिनिकल संशोधनाच्या चांगल्या पद्धतींचा (जीसीपी) मोफत कोर्स आहे. टेकडीवरच्या नेटवर्कवरही होईल, तो आधी उरका.

पण यंदाची दिवाळी त्याच्या आधी येतेय. ती ९ घरं निघायच्या आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधावर असलेल्यांचं रक्त मधूनमधून तपासावं लागतं, म्हणून नुसत्या गोळ्या बांधून देणं पुरणार नाही. मुकादम कोण, फड कुठल्या तालुक्यात पडणार आणि तिथलं जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, एवढं प्रत्येक घराला विचारून ठेवा. कार्डाची प्रत आईच्या पिशवीत जाऊ दे, मूळ कार्ड पेटीत राहिलं तरी चालेल. आशाताईंकडून महिन्यातून एक फोन. आणि वहीत रेघेच्या जागी जे कळेल ते लिहा, ‘फोन लागला नाही’ हेसुद्धा.

एसओपीचा पहिला मसुदा मराठीतच लिहा, त्या मुलापासून सुरुवात करून, एकच पान. मला इथे खासगी निरोपातून पाठवा. रविवारी सकाळी मी मोकळी असते, त्याच दिवशी वाचून परत पाठवेन.